पाच डबे आणि दोनशे दहा पायऱ्या

ताईला क्रेनवरून खाली उतरवलं त्या दिवशी साधा वारासुद्धा नव्हता. असता तर तिनं निदान वाऱ्याच्या नावानं बोटं मोडली असती. पण आभाळ स्वच्छ होतं, बांधकाम जोरात चाललं होतं आणि मुकादम हातात एक कागद घेऊन शिडीच्या पायथ्याशी उभा होता. कागदावर झोळीची माहिती होती. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये कुणी आजारी पडलं तर त्याला दोरानं खाली सोडायला एक झोळी असते. ती एकशे दहा किलोपर्यंतचं माणूस पेलते. ताई होती एकशे सत्तावीस.

"तू वर बेशुद्ध पडलीस तर तुला खाली कशी आणू मी, सांग," मुकादम म्हणाला. बिचाऱ्याचा चेहरा पडला होता. तो टोमणा नव्हता, म्हणूनच तिला जास्त लागलं. टोमणा असता तर तिनं त्याला तिथल्या तिथे गप्प केलं असतं.

सोळा वर्षं ती वर बसली होती. साठ मीटर उंच, दोनशे दहा पायऱ्या, वर काचेची एवढीशी केबिन. तिथून ती दोन-दोन टनांचे खांब असे अलगद टेकवायची की खालच्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळू नये. पुढची तीन वर्षं मात्र तिनं खाली काढली. कानाला वॉकीटॉकी, डोक्यावर शिरस्त्राण, आणि वर तिच्या खुर्चीत बसलेल्या दुसऱ्याच गड्याला सांगायचं, डावीकडे घे, अजून थोडं, थांब, अरे थांब म्हणते ना! त्या गड्याच्या हाताला नजाकत म्हणून नव्हती. त्यानं भारा खाली आदळला की ताईच्या काळजात धस्स व्हायचं. आपल्या स्वयंपाकघरात परक्यानं भांडी आपटावीत, तसं.

म्हणून तिनं पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी पोट कापून मुठीएवढं केलं. लोक म्हणाले, या वयात आता नटायची हौस आली. म्हणू देत. लोकांचं काय जातं बोलायला? तिला नटायचं नव्हतं, तिला केबिन हवी होती.

अकरा महिन्यांनी काटा चौऱ्याऐंशीवर आला, आणि नेमकं त्याच सुमारास वरच्या गड्यानं दुसरीकडे काम धरलं. मुकादमानं ताईला बाजूला बोलावलं.

"महिनाअखेर खुर्ची रिकामी होतेय. तुझी चाचणी घेतो. आपल्या पायांनी चढायचं, चार तास वर काम करायचं, आपल्या पायांनी उतरायचं. संधी एकच हं, ताई. नाही जमलं तर कंपनी बाहेरून माणूस आणणार, आणि तो काही मग पाच वर्षं हलायचा नाही."

पाच वर्षांनी ताई एकावन्न वर्षांची झाली असती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. हातात तीन आठवडे होते.

घरी ती आणि सासूबाई, दोघीच. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून सहा दिवस घरी. सासूबाईंनी उभी हयात शिवणकामात काढलेली. बोलणं कात्रीसारखं, माया दोऱ्यासारखी, म्हणजे दिसायची नाही पण सगळं तिच्यावरच टिकलेलं. अकरा महिन्यांत सुनेचा कामाचा गणवेश त्यांनी चार वेळा आत घेतला होता, आणि दर वेळी उरलेल्या कापडाचा तुकडा तिच्या नाकासमोर नाचवून म्हणाल्या होत्या, "हे बघ, एवढी तू गेलीस!"

डबेही त्याच भरायच्या. पोट मुठीएवढं झाल्यावर जेवण एकदम नाही, दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. म्हणून पाच डब्या, झाकण घट्ट लागणाऱ्या, तळहातावर मावतील एवढ्या. एकीत उकडलेलं अंडं मिठा-मिऱ्यासकट, एकीत चीजचे तुकडे आणि काकडी, एकीत शिजवलेलं चिकन बारीक तोडून, एकीत घट्ट दही, एकीत भाजलेले हरभरे. गरम करायची भानगड नाही, चमच्याचीही गरज नाही, फार तर दह्यापुरता. आधी अंडं-चिकन खायचं, मग बाकीचं. घास घास चावायचा, वीस मिनिटं लावायची आणि नंतर अर्धा तास पाण्याचा घोट नाही. साइटवरची मंडळी विचारायची, "काय ताई, आज बाहुलीच्या घरी जेवण वाटतं?" ताई म्हणायची, "हो, आणि तुम्हाला आमंत्रण नाही."

पण ती जेवायची मात्र भिंतीकडे तोंड करून. ही जुनी सवय होती. जाड बाईच्या ताटात अख्खं जग डोकावतं. कितीतरी वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर कुणीतरी तिच्या रिकाम्या डब्यात वाकून मोठ्यांदा म्हणालं होतं, "सगळं संपवलंस?" आणि टेबलभर हशा पिकला होता. त्या दिवसापासून शेवटचा घास तोंडात जायच्या आत तिचा हात झाकणावर असायचा.

चाचणीची तयारी म्हणून ती रोज काम सुटल्यावर अर्धवट बांधलेल्या इमारतीचा जिना चढू लागली. बारा मजले. पहिले तीन दिवस नवव्या मजल्यावर धाप लागली, तिनं सोडून दिलं. चौथ्या दिवशी दहाव्यावर हात थरथरायला लागले. धापेचं ती समजू शकत होती, पण हात! क्रेनवाल्याचे हात थरथरले म्हणजे संपलंच. डोळ्यांपुढे अंधारी आली, कपाळाला गार घाम. ती सिमेंटच्या गोण्यांवर बसली आणि आपल्याच हातांकडे बघत राहिली. अकरा महिने जिवाचं रान केलं ते याच्यासाठी? तिला रडू आलं, आणि रडायलाही ताकद नाही म्हणून आणखी राग आला.

ती घरी पोचली तेव्हा सासूबाईंनी पाचही डब्या ओट्यावर ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. झाकणं उघडी. प्रत्येकीत थोडं थोडं उरलेलं.

"बस," सासूबाई म्हणाल्या. "आज सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे. दोन महिने बघतेय. रोज डबी परत येते आणि रोज चौथा हिस्सा तसाच. माझ्या हातची चव गेली असेल तर तोंडावर सांग. मी रडणार नाही. आणि बटाटा घातला तर तो अख्खाच्या अख्खा परत! काय केलंय त्या बटाट्यानं तुझं?"

"आई, चवीचं काही नाही हो."

"मग?"

मग सासूबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि ताईनं सांगून टाकलं. केबिनमध्ये समोरच एक तक्ता चिकटवलेला असतो. क्रेनचा हात किती लांब काढला तर किती वजन उचलायचं, त्याचे आकडे. पण कुठलाही जाणता क्रेनवाला त्या आकड्यापर्यंत जात नाही. वारा असतो, दोर जुना असतो, खालचा माणूस वजन खोटं सांगतो. म्हणून जो आकडा लिहिलाय त्यातला चौथा हिस्सा मनातल्या मनात कापायचा आणि उरलेलंच उचलायचं. सोळा वर्षं तिनं हेच केलं आणि सोळा वर्षांत तिच्या हातून एक वीट पडली नाही.

"आणि तू हे..." सासूबाईंच्या भुवया एकदम वर गेल्या.

"दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी तक्ता दिलाय ना, त्यातलाही चौथा हिस्सा कापते मी. प्रत्येक ओळीत. आणि त्या बटाटा-भाताच्या ओळीत... तिथे मी काहीच उचलत नाही. तो दोर माझा पूर्वीच तुटलेला आहे."

सासूबाईंनी आहाराचा तक्ता उचलला आणि दुसऱ्या दिवशीची वेळ घ्यायला तिथल्या तिथे फोन लावला.

आहाराच्या बाई तरुण होत्या. सगळं ऐकून आधी त्यांना हसू फुटलं. मग ताईच्या नखांचा पांढरेपणा बघितला, कालच्या जिन्याची हकीकत ऐकली आणि त्यांचं हसू पार मावळलं.

"ताई, तुमच्या केबिनमधला आकडा काय सांगतो? याच्यावर जाऊ नका. बरोबर?"

"बरोबर."

"माझा आकडा सांगतो, याच्याखाली येऊ नका. तुम्ही दोन महिने माझ्या आकड्याच्या खाली खाताय. दोनशे पायऱ्या चढायच्या म्हणता, आणि टाकीत तेलच नाही. हात थरथरणार नाहीत तर काय होणार?"

ताई एवढी हुशार बाई, सोळा वर्षं आकड्यांवर जगलेली, आणि आकडाच उलटा धरून बसली होती.

"आणि ही कार्ब्सची, म्हणजे बटाटा-भाताची ओळ," बाईंनी बोट ठेवलं. "पहिले काही महिने बंद होती ते पोटाची जखम भरून यायची होती म्हणून. आता दोन महिन्यांपासून मी लिहिलंय, सुरू करा. आधी बटाटा किंवा ओट्स, दोन चमचे. तीन दिवसांनी चार. मग अर्धी वाटीपर्यंत. आधी अंडं किंवा चिकन, त्याच्या मागून हे. सावकाश. साखर नको, मैद्याचा पाव नको."

"मला भीती वाटते," ताई म्हणाली. साठ मीटरवर पाय न कापणारी बाई एका बटाट्याला भीत होती, आणि तिनं ते उघड उघड सांगितलं. "बाई, मी पूर्वी बटाट्यांची पातेली रिकामी केलीत. एकदा सुरू केलं तर थांबेन का मी?"

"थांबाल. पोट थांबवेल. आणि नाही थांबलात तर तुमच्या सासूबाई आहेतच."

"आहेच मी," सासूबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी एक बटाटा उकडला, सोलला आणि चुलीजवळच्या फळीवर कापड बेतावं तसा बेतून बारीक फोडी केल्या. दोन चमचे मोजून अंड्याशेजारी ठेवले. ताईनं आधी अंडं खाल्लं. मग बटाट्याची पहिली फोड जिभेवर ठेवली, आणि मीठ-मिऱ्याच्या त्या साध्या, कोमट, मऊ चवीनं तिचे डोळे भरून आले. अकरा महिन्यांनी जुन्या ओळखीचं माणूस दारात यावं आणि भांडण उकरून न काढता नुसतं बसावं, तसं वाटलं तिला. घड्याळात वीस मिनिटं झाली. पोट शांत. तिला आणखी नको होतं. हे सगळ्यांत मोठं नवल. नको होतं!

पण सहाव्या दिवशी गडबड झालीच. साइटवर कुणाच्या तरी मुलीच्या पहिल्या पगाराचा आनंद चालला होता, आणि ताईच्या हातात मैद्याच्या पावाचा जॅम लावलेला तुकडा आला. बटाटा जमला, आता काय, म्हणून तिनं तो बोलता बोलता तीन घासांत खाल्ला. दहा मिनिटांत छाती धडधडायला लागली, अंगाला दरदरून घाम, पोटात मुरडा. ती सळ्यांच्या ढिगामागे डोकं धरून बसली आणि मुकादमानं तिला तसं बसलेलं बघितलं. तो तसाच वळून निघून गेला. पण बघितलं.

"झालं," ती घरी येऊन म्हणाली. "उद्यापासून बटाटा बंद, सगळं बंद."

"का? बटाट्यानं काय केलं? दगा दिला जॅमनं आणि शिक्षा बटाट्याला?" सासूबाई शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाल्या. "बाईंनी काय सांगितलं होतं? साखर नको, मैदा नको, आधी अंडं, सावकाश. चारी गोष्टी एका फटक्यात मोडल्यास. मी पहिला सदरा शिवला तेव्हा बाही उलटी लावली होती. तेवढ्यावरून मशीन विकलं असतं तर तुझ्या नवऱ्याचं शिक्षण कशावर झालं असतं? ऊठ, हात धू. बटाटा शिजलाय."

ताई उठली. चार चमचे बटाटा खाल्ला. दोन दिवसांनी बारावा मजला चढली आणि वर जाऊन हात पुढे धरून बघितले. स्थिर! तिनं तिथे कुणी नाही असं बघून घेतलं आणि चक्क नाचली.

चाचणीच्या सकाळी सासूबाईंनी तिच्यापुढे एक पट्टा टाकला. जाड निळ्या कापडाचा, कमरेला बांधायचा, त्याला पाच खिसे, प्रत्येक खिशात एक डबी घट्ट बसेल असा, वर झाकणारी कापडी पट्टी आणि बटण. शिडी चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, पिशवी लोंबकळायला नको. ताईनं कापड हातात घेतलं आणि ओळखलं.

"ही माझी जुनी विजार."

"एकशे सत्तावीस किलोची," सासूबाई म्हणाल्या. "एका पायातच सगळा पट्टा निघाला. दुसरा पाय ठेवलाय, तुझ्या नवऱ्याला करीन एक."

मुकादम शिडीपाशी उभा होता. त्याच जागी. बाकीची मंडळीही कामं असल्याचं सोंग करत आसपास रेंगाळत होती. पहिली डबी, अंडं आणि ओट्स, ताईनं घरीच एक तास आधी संपवली होती. तिनं कमरेचा पट्टा चाचपला, अंगावरचे सुरक्षेचे हूक तपासले आणि चढायला लागली. दर तीस पायऱ्यांना एक टप्पा. टप्प्यावर थांबायचं, श्वास घ्यायचा, पुढे. नव्वदीला पोटऱ्या बोलायला लागल्या. दीडशेला तिनं त्यांना दटावलं. दोनशे दहाव्या पायरीवर तिनं केबिनचं दार उघडलं, आणि खुर्चीत बसली, आणि खुर्ची दोन्ही बाजूंना मोकळी उरली. पूर्वी तिला त्यात स्वतःला कोंबावं लागायचं. तिनं खिशातून आहाराच्या बाईंचा कागद काढला आणि समोरच्या वजनाच्या तक्त्याच्या खाली चिकटवला. वरचा सांगत होता, याच्यावर नको. खालचा सांगत होता, याच्याखाली नको.

"ताई, तयार?" वॉकीटॉकीवर मुकादम. आज इशारे तो स्वतः देणार होता.

"केव्हाची."

पहिला तास काँक्रीटच्या बादल्या. दुसरा तास सळ्यांचे भारे. मध्ये दह्याची डबी, मग चीजची. हात आपोआप आठवत गेले, बोटं जुन्या जागी बसली. तिसऱ्या तासाच्या शेवटी मुकादम म्हणाला, "तयार जिना घेऊन ट्रक येतोय. शेवटचं आणि जड काम. दहा मिनिटं थांब तोवर."

ताईनं चौथी डबी काढली. चिकन आणि बटाटा, पुरती अर्धी वाटी.

"वीस लागतील," ती म्हणाली.

"काय?"

"वीस मिनिटं. जेवणार आहे मी. मला चावून खावं लागतं."

वॉकीटॉकी सगळ्यांच्या कानाला होता. खाली बारा माणसांनी ते ऐकलं. तिच्या जेवण्याबद्दल तिनं एवढ्या मोठ्यानं आजवर कधी सांगितलं नव्हतं.

"बरं," मुकादम म्हणाला. "वीस."

तिनं चिकन खाल्लं. मग बटाटा, फोडीमागून फोड. चौथा हिस्सा उरला तेव्हा सवयीनं हात झाकणाकडे गेला. समोर दोन कागद होते, खाली साठ मीटरवर ट्रक मुंगीसारखा फाटकातून आत येत होता. तिनं झाकण मांडीवर ठेवलं आणि उरलेल्या तीन फोडी खाल्ल्या, एकेक करून, भिंतीकडे तोंड न करता. केबिनला भिंतच नव्हती म्हणा, चारी बाजूंनी काच.

मग तिनं जिना उचलला. अडीच टनांचा, आठ पायऱ्यांचा, तयार घडवलेला जिना. तक्त्यातला चौथा हिस्सा इथे मात्र तिनं इमानदारीत कापला. जिना हवेत फिरला, सहाव्या मजल्याच्या कडेशी आला. "डावीकडे चार बोटं," मुकादम म्हणाला. चार बोटं. "आता खाली. सावकाश." जिना आपल्या खोबणीत असा बसला की आवाजसुद्धा आला नाही. खाली कुणीतरी शिट्टी मारली. ताईनं हात पुढे धरले. एक बोट हललं नाही.

ती आपल्या पायांनी उतरली. पायऱ्या मोजायचं तिच्या लक्षातही राहिलं नाही. मुकादमानं झोळीचा तो जुना कागद खिशातून काढला, चार घड्या घातल्या आणि परत खिशात टाकला. "सोमवारी सात वाजता," तो म्हणाला. "उशीर करू नकोस." आणि मग, दुसरीकडे बघत, "तीन वर्षांनी इथे पहिल्यांदा काहीतरी आवाज न करता खाली टेकलं."

फाटकाशी सासूबाई उभ्या होत्या. सकाळपासून तिथेच होत्या हे त्यांनी पुढे कधी कबूल केलं नाही. त्यांनी सुनेला विचारलं नाही की काय झालं. त्यांनी तिच्या कमरेच्या पट्ट्याची बटणं सोडली आणि वर नेलेल्या डब्या एकेक करून उघडायला लागल्या. दह्याची, रिकामी. चीजची, रिकामी. हरभऱ्यांची, चौथ्या तासाची, तीही रिकामी. आणि चिकन-बटाट्याची उघडली तेव्हा त्यांचा हात थांबला. त्यांनी ती डबी पालथी केली, हलवली. काही पडलं नाही. मंडळी मागे गोळा झाली होती. सासूबाई वळल्या, डबी सगळ्यांच्या नाकासमोर धरली आणि साइटभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघा! चाटूनपुसून! सगळं संपवलं माझ्या सुनेनं!"

कुणी हसलं नाही. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. आणि ताईनं झाकण ओढून घेतलं नाही. ती सासूबाईंच्या शेजारी ताठ उभी राहिली आणि सगळ्यांना डबीत हवं तेवढं डोकावू दिलं.